रॉकचा अल्बम निवडायचा तर आधी मोरीवर विचारा

प्रश्न असा आला आहे: 'धुळ्याला महामार्गालगत परमिट रूम चालवायला घेतोय. संध्याकाळी हिंदी गाण्यांऐवजी रॉकचे पूर्ण अल्बम लावायचं मनात आहे. कोणते लावू? गिऱ्हाईक पळून तर जाणार नाही? आणि तुमच्याकडच्या स्टाफला हे खरंच आवडतं, की मालकाला आवडतं म्हणून ऐकून घेतात?'

भाऊ, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. बाकीच्या दोहोंची उत्तरं त्याच्या पोटातच आहेत.

मी भुसावळला एका परमिट रूमचं काउंटर २४ वर्षं सांभाळतोय. या धंद्यात गाणं पूर्ण शुद्धीत ऐकणारे कान फक्त आमचे. गिऱ्हाइकाला दुसऱ्या क्वार्टरनंतर काय वाजतंय हे कळत नाही, आणि कळलं तरी सकाळी आठवत नाही. एखादा अल्बम त्याच्या कानावर महिन्यातून एकदा पडतो, आमच्या पंधरा-वीस वेळा. ट्रे हातात असताना, पाय दुखत असताना, कुणीतरी बिलावरून वाद घालत असताना. एवढं सोसून जो अल्बम नकोसा होत नाही, तो चांगला. आमच्याकडे दुसरी कसोटी नाही. म्हणून मासिकांतल्या श्रेष्ठ शंभरच्या याद्या बाजूला ठेवा आणि तुमची माणसं कामाला लागली की महिनाभराने त्यांना विचारा. वेटरला विचाराच, पण मोरीवर भांडी घासणाऱ्या बाईला आधी विचारा. तिच्यापर्यंत आवाज भिंतीतून गाळून पोचतो. भिंतीतून आलेलं गाणंही जर धरून ठेवत असेल, तर त्यात काहीतरी आहे.

आमच्याकडे हे सुरू झालं एका निवृत्त गार्डसाहेबांमुळे. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत पूर्वी अँग्लो-इंडियन कुटुंबं पुष्कळ होती. गार्डसाहेब त्यांतलेच. मुलं परदेशी गेली, हे मागे राहिले. रोज संध्याकाळी दोन पेग घ्यायचे, आणि आमच्या टेपवर वाजणाऱ्या त्याच त्या गझलांना कंटाळून एक दिवस बुटाच्या खोक्यात तीसेक कॅसेटी आणून काउंटरवर ठेवल्या. खोक्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, 'क्रम बदलू नये'. ती सूचना मी अजून पाळतो.

ड्राय डेला आमच्याकडे विक्री बंद, पण साफसफाईला सगळे येतात. २ ऑक्टोबर, अनंत चतुर्दशी, मतदानाचा दिवस. खुर्च्या टेबलांवर उलट्या, फरशीवर पाणी, आणि एक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग चहा, आणि ज्याला जे वाटलं ते त्याने बोलायचं. अमुक मोठा वादक आहे वगैरे सांगायला मनाई. आषाढी एकादशीला तेवढं रॉक लावत नाही, कारण मोरीवरच्या मावशी त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी घेऊन येतात आणि मुक्ताईनगरची पालखी पंढरपुरात पोचल्याचं सांगत बसतात. त्यांच्यासमोर गिटार किंचाळवायची हिंमत माझ्यात नाही.

आता अल्बम.

पिंक फ्लॉइडचा १९७३ सालचा 'द डार्क साइड ऑफ द मून' आमच्याकडे सर्वांत जास्त ऐकला गेलाय आणि सर्वांत जास्त भांडणं त्याच्यावरून झालीत. आमच्या गल्ल्यावरचे बापू गावाकडे भजनी मंडळात पखवाज वाजवतात. 'मनी' हे गाणं नाण्यांच्या खणखणाटाने आणि गल्ल्याच्या खटक्याने सुरू होतं. टेपचे तुकडे पट्टीने मोजून कापले, एकमेकांना चिकटवून त्याची माळ केली आणि ती मशीनवर फिरवत ठेवली, असं ते तयार केलेलं आहे. बापूंनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते रात्रीचा हिशोब करत होते. दोनदा नोटा चुकले. तिसऱ्यांदा गड्डी खाली ठेवून म्हणाले, 'हे सातात आहे भो. रूपकाची चाल नाही, पण मात्रा सातच.' बरोबर सांगितलं. मग पुढे गिटारचा सोलो आला तेव्हा त्यांनी बोटं धरली आणि हसले: 'आता चारात उतरला. सातात पळून दमला असेल.' तेही बरोबर. मी ते गाणं तोवर शंभरदा ऐकलं होतं आणि मला यातलं काहीच माहीत नव्हतं. बापूंचं मत आजही असंच आहे की हा अल्बम उत्तम, पण हिशोबाच्या वेळी लावू नये.

मावशींचा कौल याच अल्बमच्या पाचव्या गाण्याला, 'द ग्रेट गिग इन द स्काय'ला. त्यात गायलेले शब्द नाहीत, फक्त एका बाईचा आवाज चढत जातो, फुटतो, थकतो. मावशी मोरीवरून हात पुसत बाहेर आल्या आणि विचारलं, 'हिचं कोण गेलं?' हे गाणं मरणावरच आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मग मी सांगितलं की क्लेअर टोरी नावाच्या गायिकेला एका रविवारी स्टुडिओत बोलावलं, शब्द नाहीत असं सांगितलं, आणि तिने हे गाऊन दिल्याबद्दल ३० पौंड हातावर ठेवले. मावशींचा चेहरा बदलला. 'आणि तिनं घेतले?' घेतले. पण २००४ साली ती कोर्टात गेली, २००५ मध्ये तडजोड झाली आणि तेव्हापासून त्या गाण्यावर रचनाकार म्हणून तिचंही नाव लागतं. 'बरं केलं,' असं म्हणून मावशी आत गेल्या. त्या दिवसापासून ते गाणं मधेच कुणी बंद केलेलं त्यांना चालत नाही.

वेटर पोरांचा या अल्बमवर जीव आहे तो वेगळ्याच कारणाने. बँडमधल्या रॉजर वॉटर्सने कार्डांवर प्रश्न लिहिले आणि ॲबी रोड स्टुडिओत जो भेटेल त्याला विचारून उत्तरं टेप केली. तू कधी वेडा होशील असं वाटतं का, शेवटचा कधी हाणामारीला उतरलास, असले प्रश्न. त्या दिवसांत बीटल्सवाला पॉल मॅकार्टनी तिथेच रेकॉर्डिंग करत होता, त्यालाही विचारलं. त्याची उत्तरं वगळली. स्टुडिओचा आयरिश दारवान जेरी ओड्रिस्कॉल याची ठेवली, आणि अल्बम संपता संपता जो माणसाचा आवाज ऐकू येतो तो त्याचाच. मॅकार्टनी कापला आणि दारवान ठेवला, ही गोष्ट आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या आठवड्यात सांगितली जाते. ग्लास धुवायला शिकवण्याआधी.

पण हा अल्बम लावायचा तर दोन गोष्टी सांभाळा. मोबाइलमधलं शफल बंद करा. यातली गाणी एकमेकांत ओतलेली आहेत, मधेच क्रम तुटला तर भाकरीचा घास अर्धा तोंडातून काढून घेतल्यासारखं होतं. आणि दुसरं, उन्हाळ्यात लावू नका. याचं कारण खानदेशातच कळतं. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, आमच्याकडे चार मोठे कूलर लागतात, आणि त्यांची घरघर खालचे सगळे आवाज गिळून टाकते. हा अल्बम हृदयाच्या ठोक्याने सुरू होतो आणि ठोक्यानेच संपतो. कूलरसमोर तो ठोका म्हणजे विहिरीत पडलेला आठाणा. पहिलं मिनिटभर गिऱ्हाईक येऊन सांगतं, 'गाणं बंद पडलंय.' दिवाळीनंतर कूलर झाकून ठेवले, दार ओढून घेतलं, की हा अल्बम काढायचा.

आचारी नानांचा कान ढोल-ताशाचा. त्यांचा अल्बम लेड झेपेलिनचा चौथा, १९७१ चा, ज्याच्या मुखपृष्ठावर ना बँडचं नाव आहे ना अल्बमचं. सगळं जग त्यातल्या 'स्टेअरवे टू हेवन'साठी तो घेतं. नानांना ते गाणं म्हणजे लग्नातल्या मंगलाष्टकांसारखं वाटतं: सुंदर, पण कधी एकदा संपतं असं होतं. त्यांचं गाणं शेवटचं, 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'. ढोलाचे पहिले चार ठोके पडले तशी त्यांनी कढईवरची पळी थांबवली आणि म्हणाले, 'हा माणूस भरीत ठेचू ऱ्हायला, अन् घाई नाही त्याले.' जॉन बोनमच्या ड्रमवर याहून नेमकं मी कुठे वाचलेलं नाही. आमच्याकडे हिवाळ्यात भरीत पार्टीच्या ऑर्डरी असतात, काड्यांवर भाजलेल्या वांग्यांची. ते ठेचताना घाई केली तर शिरा राहतात, जोर कमी पडला तर तेल सुटत नाही. नाना चाळीस वर्षं तेच करताहेत, त्यांना कळणारच.

त्या आवाजामागचं कारण मी त्यांना नंतर सांगितलं. हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात, जे मुळात गोरगरिबांना ठेवण्यासाठी बांधलेलं होतं, ड्रमसेट दिवाणखान्यात न ठेवता जिन्याखालच्या उंच दालनात मांडला आणि दोन माइक वर जिन्यावरून खाली सोडले. म्हणजे ड्रमचा आवाज वर चढून, भिंतींना आपटून मग माइकात शिरला. नानांनी लगेच आमच्या गोदामाच्या जिन्यात पातेलं वाजवून पाहिलं. आवाज खरंच मोठा आला. शिजलेल्या डाळीसकट.

मूळ गाणं १९२९ चं, कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी यांचं, मिसिसिपीच्या १९२७ च्या महापुरावरचं. आमच्याकडे पावसाळ्यात हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडल्याची बातमी आली की संध्याकाळी हा अल्बम लागतोच. तापीकाठच्या गावांतून येणाऱ्या वेटरांना त्या रात्री लवकर सोडावं लागतं, म्हणून शेवटचं गाणं बऱ्याचदा नाना एकटेच ऐकतात.

आमच्या थोरल्या वेटरचा उजव्या हाताचा एक पेर नाही. आमच्याकडे येण्याआधी तो एका जिनिंगमध्ये कामाला होता, तिथे गेला. नुकसानभरपाई म्हणून जे मिळालं त्यात दवाखान्याचा खर्चही निघाला नाही. त्याला ब्लॅक सबाथची गोष्ट सांगितली तेव्हा त्याने ट्रे खाली ठेवला. त्या बँडचा गिटारवाला टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात होता, वय १७, नोकरीचा शेवटचा दिवस. यंत्रात उजव्या हाताच्या मधल्या आणि करंगळीशेजारच्या बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात नेमका उजवा. कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगो राइनहार्ट या गिटारवाल्याची रेकॉर्ड ऐकवली, ज्याची दोन बोटं आगीत निकामी झाली होती आणि तरी तो वाजवत होता. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं लावलं, तारा हलक्या घेतल्या. पुढे १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'त गिटार तीन अर्ध्या सुरांनी खाली उतरवली, तारा सैल, बोटांना कमी त्रास. आणि त्या सैल तारांतून जो जड, चिखलातून बैलगाडी ओढल्यासारखा आवाज आला, त्यावर पुढचं सगळं हेवी मेटल उभं राहिलं.

थोरल्याचं मत मात्र भावनेच्या आहारी गेलेलं नाही. त्याला पहिला अल्बम आवडतो, १३ फेब्रुवारी १९७० चा, जो एका दिवसात रेकॉर्ड केला गेला. 'मास्टर ऑफ रिॲलिटी' त्याच्या मते गिऱ्हाइकाला पेंगुळवतो, चकण्याची विक्री घटते. मी ताळा करून पाहिला नाही, पण त्याच्या टिपेचा प्रश्न आहे, तो खोटं कशाला बोलेल. २२ जुलै २०२५ ला सबाथचा गायक ऑझी ऑस्बोर्न गेल्याची बातमी आली तेव्हा रात्री आम्ही त्यांचा 'पॅरानॉइड' पूर्ण लावला. एका टेबलावरच्या चौघांनी उठून उभं राहून ऐकला. बाकीच्यांना वाटलं भांडण सुरू झालं.

डीप पर्पलचा 'मशीन हेड' तुम्ही लावालच, कारण 'स्मोक ऑन द वॉटर'ची ती सुरुवात ज्याने आयुष्यात रॉक ऐकला नाही त्यालाही पाठ असते. मजा त्याच्या रेकॉर्डिंगची आहे आणि ती बारवाल्याने तर ऐकावीच. डिसेंबर १९७१, स्वित्झर्लंडमधलं मोंत्रो. ज्या कॅसिनोत रेकॉर्डिंग करायचं ठरलं होतं तो फ्रँक झॅपाच्या कार्यक्रमात कुणीतरी छताकडे फ्लेअर गनचा जळता गोळा झाडल्यामुळे ४ तारखेला जळून गेला, आणि धूर तळ्यावर पसरला. मग एका नाट्यगृहात सामान मांडलं, तर शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली. पोलिस आले. आत गाणं वाजतंय, आणि बाहेरून पोलिस दार ठोठावताहेत, बँडची माणसं दार धरून उभी. शेवटी हिवाळ्यामुळे बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळात गाद्या उभ्या करून अल्बम पुरा केला. आमच्या मालकांना सगळ्या संगीतातला हा एकच किस्सा आवडतो. दार धरून उभं राहणं म्हणजे काय, ते त्यांनीही भोगलंय.

म्हणून इथेच कायद्याचं सांगून टाकतो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम बघून घ्या. व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर नाही. बंद जागेत लावता येतो, पण आवाज तुमच्या भिंतीबाहेर किती जातो हे मोजलं जातं. गार्डन सेक्शन काढणार असाल तर तिथला स्पीकर दहाला बंद म्हणजे बंद. आणि गाणी वाजवायचे परवाने वेगळे: ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल या संस्थेचा, शब्द आणि चालीसाठी आयपीआरएस या संस्थेचा. मोबाइलवरचं महिन्याचं वर्गणीचं ॲप घरगुती वापरासाठी असतं, त्यावर दुकान चालवता येत नाही. हे पैसे वाचवायला जाऊ नका.

आवाज किती ठेवायचा, याचं आमचं माप सोपं आहे. दोन टेबलांपलीकडून नेहमीच्या आवाजात दिलेली ऑर्डर वेटरला पहिल्यांदा ऐकू आली पाहिजे. दुसऱ्यांदा विचारावं लागलं तर आवाज जास्त. कोपऱ्यात दोन मोठे डबे ठेवण्यापेक्षा लहान सहा स्पीकर छताजवळ लावा. मोठ्या डब्याजवळचं टेबल रिकामं राहतं, लांबचं टेबल 'जरा वाढवा' म्हणतं, आणि तुम्ही वाढवत बसता. एक आणखी. जुन्या रेकॉर्डची एक बाजू वीस-बावीस मिनिटांची असायची, आणि आमच्याकडे एका टेबलाचा एक राउंड साधारण तेवढ्यातच संपतो. बाजू संपते तिथे अर्धं मिनिट थांबा. शांतता झाली की मान वर होते, मान वर झाली की हात वर होतो. अल्बम पूर्ण लावण्याच्या बाजूने माझा धंद्यातला सर्वांत मोठा युक्तिवाद हाच.

तरण्या वेटरांचं मत विचाराल तर डायर स्ट्रेट्स. कारण सांगतात ते असं की त्यात ऑर्डर ऐकू येते. मार्क नॉफ्लर पिक न वापरता बोटांनी वाजवतो, एकेक सूर सुटा, मध्ये जागा मोकळी. १९७८ च्या पहिल्या अल्बममधलं 'सुलतान्स ऑफ स्विंग' तर तुमच्या-आमच्या धंद्याचंच गाणं आहे: पावसाळी रात्र, जवळपास रिकामा पब, आणि कोपऱ्यात कुणी ऐकत नसताना मन लावून वाजवणारी जॅझवाली मंडळी. १९८५ च्या 'ब्रदर्स इन आर्म्स'मधल्या 'मनी फॉर नथिंग'चे शब्द त्याने न्यूयॉर्कच्या एका उपकरणांच्या दुकानात माल उचलणाऱ्या हमालाच्या तोंडून ऐकले आणि तिथेच कागद मागून लिहून घेतले. टीव्हीवर गाणाऱ्यांकडे बघत तो कामगार काय काय बडबडत होता, तेच गाणं झालं. पोरांना हे फार पटतं. त्यातला एक तेव्हापासून गिऱ्हाइकांची वाक्यं केओटीच्या, म्हणजे आत पाठवायच्या ऑर्डरच्या चिठ्ठीच्या, मागच्या बाजूला लिहून ठेवतो. छापण्यासारखं अजून काही निघालेलं नाही. 'ब्रदर्स इन आर्म्स' डिजिटल पद्धतीने रेकॉर्ड केलेला असल्यामुळे स्वस्त स्पीकरवरही स्वच्छ येतो. पाऊस पत्र्यावर वाजत असताना तर त्याला तोड नाही.

बाकीचे भराभर सांगतो. एसी/डीसीचा १९८० चा 'बॅक इन ब्लॅक' हा कूलरला पुरून उरणारा अल्बम. आधीचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारीत गेला आणि जुलैत हा आला, म्हणून मुखपृष्ठ सगळं काळं. मेमधे हाच लावा, फक्त लोक टेबलं बडवतात, काचेचे ग्लास काढून स्टीलचे द्या. निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' मला स्वतःला प्रिय आहे, पण बारला निरुपयोगी: हळू भागात गिऱ्हाईक आवाज वाढवायला सांगतं, जोराच्या भागात कमी करायला, आणि मी काउंटर सोडून तेच करत बसतो. मेटालिकाचा १९९१ चा काळा अल्बम चालतो. २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' मात्र नको, तो इतका दाबून-चेपून मोठा केलाय की अर्ध्या तासात कान थकतात आणि का थकले ते कळत नाही. क्वीनचा 'अ नाइट ॲट द ऑपेरा' आमच्याकडे मानाचा, कारण फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत शिकला हे कुणीतरी प्रत्येक वेळी नव्याने सांगतं आणि त्याच्यावर पैज लावून कुणीतरी हरतं. द हूच्या 'हूज नेक्स्ट'मधल्या 'बाबा ओरायली' या पहिल्या गाण्याच्या नावातले बाबा म्हणजे नगरजवळच्या मेहेराबादचे मेहेरबाबा, पीट टाउनशेंड त्यांचा भक्त. मावशींना हे कळल्यावर त्या गाण्याला त्यांच्याकडून कायमची परवानगी मिळाली.

मराठी-हिंदीतलं काही लावायचं तर इंडियन ओशनचा २००० सालचा 'कंदिसा' लावा, पण सावध राहून. आमच्याकडे एक पोरगा धडगावकडून आला. सहा महिने ड्राय डेच्या बैठकीत एक शब्द बोलला नाही. 'मा रेवा' लागलं तेव्हा पुसायचा फडका हातातच राहिला. रेवा म्हणजे नर्मदा. नंदुरबार जिल्ह्याची उत्तरेची हद्दच ती. बँडमधले राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात काम करत होते, तिथल्या लोकांच्या गाण्यांतून हे त्यांच्याकडे आलं. पोराच्या आजोबांचं गाव सरदार सरोवराच्या पाण्यात गेलेलं. आम्हाला वाटलं आता हा रडणार. तो म्हणाला, 'गाणं पलीकडच्या निमाडातलं आहे, आमच्या पावरी बोलीत नाही. आणि ढोल फार लाजतोय. काठी गावच्या होळीला या, मग ढोल सांगतो.' बैठकीत असं बोलल्यावर त्याला पुढचा अल्बम निवडायचा मान मिळाला. त्याने नानांचा लेड झेपेलिन निवडला. काठीच्या होळीला आम्ही अजून गेलो नाही. होळीच्या रात्री आमच्यासारख्याला सुट्टी कोण देणार.

आता गिऱ्हाईक. पहिले दोन महिने काही टेबलांची गिऱ्हाइकं तुटली, खोटं कशाला बोलू. तुमच्या धुळ्याकडचा एक ट्रान्सपोर्टवाला आमच्याकडे नेहमी उतरतो, तो पहिल्या दिवशी म्हणाला, 'हाई काय लाई दिन्हं भो?' भांडू नका, समजावू नका. शेवभाजी गरम पाठवा. माणूस गाण्यासाठी जात नाही, गाण्यासाठी येतही नाही. सुरुवातीला तो फक्त सहन करतो, आणि सहा महिन्यांनी हिंदी लागलं तर 'आज ते नाही का?' विचारतो. हा ट्रान्सपोर्टवाला आता ट्रकमध्ये 'सुलतान्स ऑफ स्विंग' वाजवतो. शनिवारी-रविवारी मात्र पहिले दोन तास त्यांच्या आवडीचं लावा. हट्ट महाग पडतो.

एक फर्माईश तुमच्याकडे पहिल्याच दिवशी येईल आणि दुकान बंद होईपर्यंत येत राहील: ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया'. १९७६ चं गाणं, साडेसहा मिनिटांचं, शेवटची दोनेक मिनिटं दोन गिटारी एकमेकींशी बोलतात. रॉक म्हणजे फक्त हेच, असं समजणारे आपल्याकडे पुष्कळ. मागितलं की लावलं असं केलंत तर रात्रीत सहा वेळा लागेल, आणि मावशी नोकरी सोडतील. आमच्याकडे मालकांपासून मोरीपर्यंत एकमताने ठरलेला हा एकच नियम आहे: ते दिवसातून एकदाच, सगळ्यात शेवटी. शेवटची ऑर्डर घेऊन झाली की बापू बिलं काढतात, मी गाणं सुरू करतो, शब्द चालू असेपर्यंत बिलं टेबलावर पोचतात आणि गिटारी बोलायला लागल्या की वेटर खुर्च्या उलट्या करायला घेतात. ज्या हॉटेलातून माणसाला कधीच बाहेर पडता येत नाही त्याचं ते गाणं आहे, आणि लोकांना बाहेर काढायला आमच्या हाती त्याच्याइतकं दुसरं काही लागलेलं नाही.